पहिल्या पानावर पाझरलेला गूळ

दिवाळीचे आकाशकंदील उतरून माळ्यावर गेले, की आठ-पंधरा दिवसांत कोल्हापूरच्या हवेत तो वास येतो. उकळत्या रसाचा. सकाळी दूध आणायला खाली उतरावं तर रस्त्यात ट्रॉलीतून सांडलेली उसाची चार कांडी पडलेली असतात, आणि गार वाऱ्यावर तो गोड, किंचित करपलेला वास. लोक म्हणतात, काय प्रसन्न वाटतं! माझ्या सासूबाई तर गॅलरीत उभं राहून छाती भरून श्वास घ्यायच्या. मी मात्र खिडकी लावून घेते. हंगाम सुरू झाला की मला सुनंदा कांबळे आठवते, आणि ती आठवली की उन्हाळा-पावसाळा बऱ्यापैकी झोपून काढलेला माझा हेवा अंथरूण झटकून उठून बसतो.

हेवा हा शब्द मी मुद्दाम वापरते. असूया म्हटलं की फार शिकल्यासारखं वाटतं, मत्सर म्हटलं की कीर्तनात बसल्यासारखं. हेवा घरचा आहे. शेजारणीच्या पातळाचा करतात, जावेच्या माहेरचा करतात, तोच. माझा पातळाचा नव्हता इतकंच. एका बाईने लिहिलेल्या अकरा पानांचा होता.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला एम. कॉम. होऊन मी शाहूपुरीतल्या एका सल्लागारांच्या ऑफिसात लागले. त्यांना आम्ही नुसतं साहेब म्हणायचो. खाली छापखाना, वर आम्ही. दिवसभर यंत्राची धडधड पायांतून वर यायची, आणि संध्याकाळी घरी गेल्यावरही अर्धा तास पाय थरथरत असायचे. काम एकच, बँकेसाठी प्रोजेक्ट रिपोर्ट लिहिणं. कुणाला कोंबड्या पाळायच्या असत, कुणाला डाळ गिरणी घालायची असे, कबनूरचा एखादा जुने माग काढून नवे घ्यायला निघालेला असे. सगळ्यांची स्वप्नं माझ्या टेबलावरून जायची. मी ती झकास इंग्रजीत बसवायचे. प्रोजेक्ट रिपोर्ट म्हणजे मुलगी दाखवायचा कार्यक्रम, हे मी पहिल्याच वर्षी शिकले. मुलगी गृहकृत्यदक्ष, वर्ण गव्हाळ, स्वभाव मनमिळाऊ. तिचा एक डोळा बारीक आहे हे कोण लिहितं? बँकेच्या मॅनेजरलाही ते ठाऊक असायचं. तो शेवटचे तीन तक्ते बघायचा आणि सही करायचा.

त्या प्रत्येक रिपोर्टवर नाव साहेबांचं. त्यात गैर काहीच नव्हतं, ऑफिस त्यांचं होतं. पण अकरा वर्षं लिहिलेल्या एकाही कागदावर माझं नाव नव्हतं. नवरा एकदा कपाटातले जुने रिपोर्ट चाळत म्हणाला, "एवढं सगळं तू लिहिलंस? मग तुझं नाव कुठं हाय?" मी म्हटलं, नावात काय आहे. आणि मग स्वयंपाकघरात जाऊन विनाकारण भांडी घासली.

सुनंदा आली ती दोन हजार सालानंतर, वर्ष-दीड वर्षाने. कागलच्या पलीकडे, सीमेलगतच्या गावची. बी. एस्सी. झालेली, अंगाने काटकुळी, दोन वेण्या आणि कडक इस्त्रीचा पंजाबी ड्रेस. त्यांच्याकडे कन्नडची सावली असल्यामुळे मोठ्या बहिणीला अक्का म्हणतात, म्हणून पहिल्या दिवसापासून मी अक्का झाले. मीच तिला शिकवलं. समास किती सोडायचा, तक्ता कुठे तोडायचा, साहेबांचा मूड कधी बघायचा. आणि पहिल्या आठवड्यात, जरा ऐटीत, हेही सांगितलं की, लिहायला बसण्याआधी वाचणारा कोण आहे ते बघ. तिने ते वहीत लिहून घेतलं. मला बरं वाटलं. शिष्य वहीत लिहून घेतो तेव्हा गुरू किती मूर्ख होतो, हे त्या वेळी मला कुणी सांगायला हवं होतं.

त्या वर्षीच्या हंगामाच्या तोंडावर आबा आले. आबा चौगले, वाडवडिलांपासून गुऱ्हाळवाले. खुर्चीत बसले की खुर्ची बोलायची. त्यांच्या डोक्यात एक कल्पना होती, गेल्या हंगामात थोड्या मालावर करूनही पाहिलेली. गुळाला पिवळा रंग यावा म्हणून उकळत्या रसात पावडर टाकतात, ती न टाकता गूळ करायचा, मोठ्या रव्यांऐवजी, म्हणजे ढेपांऐवजी, छोट्या वड्या पाडायच्या, बंद पाकिटात घालून बाहेर पाठवायच्या.

"पिवळा गूळ दिसाय सोन्यावानी, पर चार म्हैन्यात काळा पडतुया. आमचा पयल्यापास्नंच काळपट. खोटं काय न्हाय त्यात," आबा म्हणाले. "पर यापारी रंगावर भाव देतुया. मग आमी काय करायचं? पुण्याची पावणं पैसं लावतो म्हणत्यात. त्यास्नी कायतरी कागुद पायजे."

तो कागुद म्हणजे व्हाइट पेपर. आमच्या ऑफिसात तोवर कुणी लिहिला नव्हता. साहेबांनी आम्हा दोघींना समोर बसवून समजावलं. "ही जाहिरात नाही आणि बँकेचा रिपोर्टही नाही. एक प्रश्न घ्यायचा. तो आजवर का सुटला नाही ते दाखवायचं. आपण काय करून पाहिलं, त्यातून काय कळलं, अजून काय कळलेलं नाही, हे पुराव्यानिशी मांडायचं. पैशाची गोष्ट सगळ्यात शेवटी. वाचणारा पैसे घालणार आहे, त्याला हुशार समजून लिहा. विकायचं नाही, पटवायचं." मग चष्मा पुसत पुढे म्हणाले, "दोघीही लिहा. जिचा बरा असेल तो जाईल. आणि हो, याच्यावर लिहिणाऱ्याचं नाव असतं."

लिहिणाऱ्याचं नाव. त्यानंतर साहेब बरंच काही बोलले असतील. मला त्यातलं एक अक्षर आठवत नाही.

गूळ मला कुणी शिकवायची गरज नव्हती. माझं माहेर पंचगंगेच्या काठचं, चुलत्यांचं स्वतःचं गुऱ्हाळ. लहानपणी सहामाही परीक्षा संपली की आमचा मुक्काम तिकडेच. रस उकळायची ती भलीमोठी काहील, तिच्यावर वाफेचा ढग, दोरीला बांधून रसात सोडलेली रताळी, आणि गुळव्याने हाताने काढून दिलेला गरम गुळाचा गोळा, ज्यावर फुंकर मारेपर्यंत धीर निघत नसे आणि जीभ भाजायची. गुळव्या म्हणजे गुऱ्हाळाचा राजा. पाक झाला की नाही हे तो थेंब पाण्यात टाकून, त्याची गोळी वळून ठरवायचा. त्याने मान हलवली की सगळे धावायचे. मी काहिलीच्या या बाजूला उभी राहून हे बघायचे, फ्रॉकच्या खिशात शेंगदाणे घेऊन. हे सगळं मी माझ्या पेपरात घातलं. "करवीरनगरीच्या समृद्ध परंपरेचा सुवर्णरंगी वारसा" या अर्थाचं इंग्रजी वाक्य लिहून मी दोन दिवस स्वतःवर खूश होते.

काहिलीच्या दुसऱ्या बाजूला, जमिनीखाली, चुलवाणाचं तोंड असतं. तिथे एक माणूस बसून चिपाडं जाळात सारत असतो. त्याला जळव्या म्हणतात. त्याच्याकडे मी लहानपणी कधी नीट पाहिलं नव्हतं. काजळीने त्याचा चेहरा असा असायचा की पाहण्यासारखं काही दिसतच नसे.

माहितीसाठी आबांच्या गुऱ्हाळावर गेलो, तेव्हा मी गुळव्याशी आणि आबांच्या धाकट्या भावाशी बोलत होते. वळून बघते तर सुनंदा खाली उतरून चुलवाणाच्या तोंडाशी उकिडवी बसलेली. कडक इस्त्रीचा ड्रेस धुळीत. जळव्याशी हळूहळू बोलत होती आणि मधूनच त्याच्या हातातून चिपाडाची मोळी घेऊन स्वतः आत सारत होती, सराईतपणे, चेहरा बरोबर त्या कोनात वळवून.

"अक्का, ह्यो माझा बा," ती वर येऊन म्हणाली. "तीस वर्सं झाली, ह्याच आबांच्या गुऱ्हाळावर हाय."

केरबा कांबळे हात जोडून हसला. पुढे एकदा मी त्यांच्या घरी गेले होते, दोन खोल्यांचं, भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिच्याखाली सुनंदाच्या पदवीच्या दिवसाचा फोटो. त्या घरात सुनंदाने मला स्टीलच्या कपातून चहा दिला आणि मी पटकन घोट घेतला, जरा जास्तच पटकन. माझ्या हेव्यात जातीचं काही नव्हतं, असं मी तेव्हा स्वतःला सांगत होते. इतक्या वेळा सांगावं लागत होतं, यातच काय ते आलं. जिचा बाप खाली बसून जाळ घालतो, तिला माझ्यापेक्षा गुळाचं जास्त कसं कळेल, हा प्रश्न माझ्या मनात आला होता. तो आला होता हे आज लिहून टाकते.

दोघींचे कच्चे मसुदे साहेबांनी वाचले. दुसऱ्या दिवशी त्यांनी सुनंदाचा निवडला. माझ्यासमोर, सौम्य आवाजात. "मंगलताई, तुमची भाषा फार सुंदर आहे. पण वाचून झाल्यावर मला गुळाबद्दल नवीन काही कळलं नाही." त्या क्षणी खालचं यंत्र थांबलेलं होतं, त्यामुळे ते वाक्य फार स्पष्ट ऐकू आलं.

मग साहेब पुतण्याच्या लग्नाला चार दिवस सांगलीला गेले. जाताना मला म्हणाले, "तुमची नजर पक्की आहे. तिच्या पेपरवर शेवटचा हात फिरवा आणि पुण्याला पाठवून द्या."

शेवटचा हात! ज्या ताटात आपल्याला वाढलं नाही, ते ताट पुसून सजवून पाहुण्यांपुढे मांडायचं.

सुनंदाने दुपारी मला कागद आणून दिले. "अक्का, साहेब बघून गेल्यावर जरा बदल केलाय. तुमी बघा. काय काढावंसं वाटलं तर काढा." आणि ती आठवड्याची रजा टाकून गावी गेली.

मी वाचायला घेतलं. साहेबांनी पाहिलेल्या मसुद्यात शेवटाकडे एक गुळमुळीत ओळ होती, की पावसाळ्यात मालाची काळजी घ्यावी लागते. आता ती ओळ तिथे नव्हती. तिचं अख्खं पान झालं होतं आणि ते पहिलं पान होतं. सरळ लिहिलं होतं, गेल्या पावसाळ्यात आमच्या गोदामातला सगळा रसायनमुक्त गूळ पाझरला. तो विकता आला नाही. आम्हाला वाटलं, हवेचा दोष. पण हंगामाच्या शेवटच्या दिवसांत, वळीव यायच्या आत उरकायचं म्हणून, पाक पुरता होण्याआधीच काहील उतरवली जात होती. चुलवाणावर काम करणाऱ्या माणसाला हे माहीत होतं, कारण त्याला जाळ लवकर ओढायला सांगितलं जात होतं. त्याला कुणी विचारलं नाही. म्हणून आमची पहिली सुधारणा यंत्राची नाही, विचारण्याची आहे. आणि त्यापुढे मग वाळवणीची खोली, छोट्या वड्या, बंद पाकिटं, काय करून पाहिलं, काय अजून माहीत नाही.

मी ते पान तीनदा वाचलं. पहिल्यांदा हसू आलं. दुसऱ्यांदा घाम आला. तिसऱ्यांदा कळलं की हे मला जन्मात लिहिता आलं नसतं.

आणि लगेच दुसरंही कळलं. हे पान गेलं की संपलं. मुलगी दाखवायला आणली आणि दारातच सांगितलं, हिला फिट येतात. पुण्याची माणसं पहिल्या पानावरच कागद मिटतील. आबा इंग्रजी वाचत नाहीत, त्यांना यातलं काही ठाऊक नसणार. त्यांच्या भावाच्या घाईवर बोट ठेवलेलं होतं. आबा भडकणार, साहेबांचं गिऱ्हाईक जाणार, सुनंदा जाणार. कदाचित केरबाचं कामही. हे सगळं मला त्या दुपारी, उन्हाची तिरीप टेबलावरून सरकत असताना, लख्ख दिसत होतं. मी एक पान काढून मागे टाकलं असतं तर काम झालं असतं. तिने स्वतःच सांगितलं होतं, काढा म्हणून. कात्रीसुद्धा लागणार नव्हती.

मी पान काढलं नाही. दोन स्वल्पविराम दुरुस्त केले. चार प्रती काढल्या, पाकिटात घातल्या, आणि चपला घालून स्वतः जाऊन कुरिअरला दिल्या. परत येताना कोपऱ्यावर रस प्यायले. आल्याचा, लिंबू पिळून. फार छान लागला.

पुढचे आठ दिवस मी इतकी गोड वागले, की मुलाने विचारलं, आई, तुला बरं नाही का. मनात एकच चित्र घोळायचं. साहेब कागद आपटतायत, सुनंदा खाली मान घालून उभी आहे, आणि मी म्हणते आहे, "अहो, नवीन आहे ती. जाऊ द्या." ते वाक्य मी आरशासमोर म्हणूनही पाहिलं होतं.

पुण्याची मंडळी आली. तिघं जण, त्यांतले एक वयस्कर, खादीचा शर्ट, हातात आमचा कागद गुंडाळून धरलेला. आबांच्या गुऱ्हाळावर घोंगड्या अंथरल्या होत्या. काकवीच्या वाट्या, भुईमुगाच्या शेंगा, हुरडा. काहील रटरटत होती. साहेब, मी, सुनंदा एका बाजूला. केरबा खाली, आपल्या जागी.

त्या वयस्कर गृहस्थांनी कागद उलगडला आणि आबांना शुद्ध मराठीत विचारलं, "आबासाहेब, पहिल्या पानावर लिहिलंय की गेल्या वर्षी गूळ पाझरला, कारण पाक कच्चा उतरवला. हे खरं का?"

आबांचा हात वाटीतच राहिला. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी सुनंदाकडे पाहिलं. सुनंदा आबांकडे बघत होती.

"ह्ये कुणी लिवलं?" आबा गरजले. "पावसानं गेला त्यो गूळ! कच्चा कोण म्हणतुया?"

"मी लिवलं," सुनंदा म्हणाली. आवाज बारीक, पण फुटला नाही.

"आणि सांगितलं मी," खालून आवाज आला. केरबा चुलवाणातून वर येत होता. काजळीचा चेहरा, डोक्याला बांधलेला टॉवेल सोडून हातात घेतलेला. "आबा, शेवटच्या पंधरा दिसांत रोज दोन काहिली जास्ती निघत हुत्या. बारकं मालक म्हणायचं, जाळ वड. मी वडायचो. वासावरनं कळतंय की, पाक झाला न्हाय त्ये."

आबांचा धाकटा भाऊ शेंगांची टोपली घेऊन कुठेतरी दिसेनासा झाला.

"मग मला का न्हाय सांगितलंस?" आबा म्हणाले.

"इचारलं कुणी, आबा?"

आबांनी हातातली वाटी खाली ठेवली. मग घोंगडीवर हात आपटून म्हणाले, "बस हितं. वर बस." आणि स्वतः सरकले.

त्या खादीवाल्या गृहस्थांनी कागद पुन्हा गुंडाळला. "गेल्या काही महिन्यांत आमच्याकडे असे बरेच कागद आले," ते म्हणाले. "सगळ्यांत सगळंच उत्तम होतं. त्यामुळे एकावरही विश्वास बसला नाही. तुमचं पहिलं पान वाचलं आणि ठरवलं, इथे जाऊन बघायचं." पुढे ते केरबाशी तासभर बोलत बसले. त्यांनी पैसे लावले. आबांच्या वड्या निघाल्या. हा तपशील ज्याला हवा त्याने आबांकडे जाऊन घ्यावा, ते अजून सगळ्यांना सांगतात आणि दरवेळी त्यात पाहुण्यांची संख्या वाढते.

माझा तपशील वेगळा आहे. त्या दिवशी परत निघताना गाडीत बसण्याआधी सुनंदाने माझे दोन्ही हात धरले. साहेबांसमोर. "अक्का, तुमी ते पान काढलं न्हाईसा. दुसऱ्या कुणीबी काढलं असतं." साहेब म्हणाले, "मंगलताई, खरंच, मी असतो तर काढलं असतं. हिंमत लागते." मी हसले. आरशासमोर पाठ केलेलं वाक्य न वापरता तसंच घरी नेलं.

पेपर नंतर नीट छापून घेतला, खालच्याच छापखान्यात. शेवटच्या पानावर लेखन म्हणून सुनंदाचं नाव. आणि तिच्या हट्टाखातर त्याखाली, संपादन, सौ. मंगल शिंदे. अकरा वर्षांनी पहिल्यांदा छापलेलं माझं नाव. शाई ओली असताना प्रत हातात आली आणि माझ्या बोटाला माझं आडनाव लागलं. नवऱ्याने ती प्रत शोकेसमध्ये ठेवली, मुलाने जिंकलेल्या कपांशेजारी. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचा. लोक म्हणायचे, वा! आणि मी चहा टाकायला आत जायचे.

एखाद्या वाईट कामाची शिक्षा मिळाली तर माणूस निदान सुटतो. माझ्या वाईट कामाची शाबासकी शोकेसमध्ये काचेआड उभी होती, आणि दर रविवारी मीच तिच्यावरची धूळ पुसायची.

साहेबांनी या कामाचा वेगळा विभाग काढला. सुनंदाने तो सांभाळला, मग ती पुण्याला गेली, आता म्हणे असे कागद कसे लिहावेत हे शिकवते. मी जुन्या टेबलावर राहिले. कोंबड्या, डाळ गिरण्या, माग. माझ्यापुरता एक बदल झाला, गुळगुळीत वाक्य लिहिताना हात जरा अडखळायला लागला. कधी कधी गिऱ्हाइकाला मी विचारते, पावणं, यात बिघडलं काय होतं ते सांगा आधी. ते दचकतात. बँकांना हे फारसं रुचत नाही.

दर हंगामाला सुनंदाकडून डबा येतो. केरबा आता जाळ घालत नाही, आबांनी त्याला पाक बघायच्या कामावर वर बसवलंय. पहिल्या काहिलीतल्या वड्या तो बाजूला काढतो आणि सुनंदा मला पाठवते. सहा वर्षं डबा येतो आहे, आणि सहा वर्षं मी फोन करून म्हणते, छान आहे गं गूळ. बाकीचं ओठांवर येऊन परत जातं.

परवा डबा आला. बाहेर तो वास होताच. मी फोन लावला, आणि का कोण जाणे, नमस्कार-चमत्कार न करता एकदम बोलून गेले.

"सुनंदा, ते पान मी चांगुलपणाने ठेवलं नव्हतं. तुझं वाटोळं व्हावं म्हणून ठेवलं होतं."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. मग तिचा आवाज, पुण्याला इतकी वर्षं राहूनही तसाच.

"ठावं हाय की, अक्का."

"काय?"

"साहेबांनी माझ्या काळजीपोटी काढलं असतं. आबांनी इज्जतीपोटी काढलं असतं. आपलं म्हणणारं कुणीबी काढलंच असतं. ऑफिसात एक तुमीच अशा हुता की जी काढणार न्हाई. म्हणून तर साहेब सांगलीला जायची वाट बघितली."

मी खुर्चीत बसले. "आणि फसलं असतं तर? तुझ्या बापाचं काम गेलं असतं."

"बाला इचारलं हुतं. त्यो म्हणला, तीस वर्सांत पयल्यांदा कुणीतरी माझं लिवतंय, जाऊ दे." ती जरा थांबली. "तुमीच शिकिवलं हुतं न्हवं, अक्का? लिवायच्या आदी वाचणारा कोण हाय ते बघायचं. वहीत अजून हाय माझ्या."

फोन ठेवला. म्हणजे ते अकरा पानांचं लिखाण पुण्याच्या पाहुण्यांसाठी होतं, पण त्यातलं पहिलं पान तिने आधी माझ्यासाठी लिहिलं होतं. माझ्या टेबलाशेजारी काही महिने बसून तिने मला वाचलं होतं. मला वाटत होतं, ती माझ्याकडून समास सोडायला शिकली.

तिचं यश, तिचं नाव, पुण्यातलं तिचं घर, या सगळ्याचा हेवा करून झाला होता. आता या वाचण्याचाही करायचा. अजून काही वर्षांची सोय झाली.

डबा समोर होता. झाकण लावलं. परत उघडलं. काळपट, कोरडी, बोटाला न चिकटणारी वडी. एक तोंडात टाकली. इतकी गोड लागली, की त्याचाही राग आला.